औषधे: काही नाही

डासकाकांच्या घरी त्या गोळ्या व्हिटॅमिनच्या बाटलीत असायच्या. काकूंना वाटायचं, नवरा ताकदीचं काहीतरी खातो. त्या कसल्या आहेत हे मला माहीत होतं. काका त्या अकरा वर्षं घेत होते. त्यातली शेवटची चार वर्षं मी त्यांच्याबरोबर काम केलं. त्याच चार वर्षांत त्यांच्या प्रोस्टेटमध्ये कॅन्सर वाढत होता. दर वर्षी आमच्याच लॅबमध्ये त्यांचं रक्त तपासलं गेलं. दर वर्षी रिपोर्ट नॉर्मल आला. तो टाइप करणारा मी.

दिव्याखाली अंधार, असं म्हणून लॅबमधल्या लोकांनी विषय संपवला. मला तो संपवता येत नाही.

काका रक्त घेण्याचं काम करतात. सव्वीस वर्षं. सकाळी सहाला स्कूटरला थंड पेटी बांधून निघायचं. लोकांनी काही खायच्या आत त्यांच्या दारात पोचायचं. नळ्या भरून नऊपर्यंत परत. मग दुपारपर्यंत लॅबच्या छोट्या खोलीत, रुंद हातांच्या त्या खुर्चीसमोर. त्यांची सुई कळत नाही. एका मुलीने रडता रडता थांबून विचारलं होतं, "झालं? मला वाटलं डास चावला." तेव्हापासून ते डासकाका. त्यांना नाव आवडलं. "पदवी आहे ती," म्हणायचे. "तुझ्यासारखी कागदावरची नाही."

माझी कागदावरची पदवी साहित्याची. ती घेऊन दीड वर्ष घरी बसलो आणि मग लॅबच्या काउंटरवर चिकटलो. नाव, वय, पत्ता, तपासणी कोणती, औषधं काय चालू. सकाळी हे टाइप करायचं, संध्याकाळी रिपोर्ट छापायचे. पहिल्या दिवशी दुपारच्या चहापर्यंत काकांनी माझं नाव साहित्यिक करून टाकलं होतं.

काम त्यांनीच शिकवलं. "औषधं चालू आहेत का, असं एकदा विचारून सोडायचं नाही. तीनदा विचारायचं, तीन तऱ्हांनी. लोक खोटं बोलत नाहीत रे. त्यांना ते औषध वाटतच नाही. आजार असेल तर औषध. बाकीचं नुसतं गिळणं."

तेवढ्यात एक आजोबा खुर्चीत येऊन बसले.

"आजोबा, औषध काही चालू?"

"छे! मला काय धाड भरलीय?"

"बीपीची गोळी?"

"ती घेतो की. दहा वर्षं झाली."

"झोपेची?"

"अर्धी."

"रक्त पातळ व्हायची?"

"ती रोजचीच. ती काय औषध आहे?"

आजोबा गेल्यावर काका हात पुसत म्हणाले, "बघितलंस? धाड न भरलेल्या माणसाच्या तीन गोळ्या."

हे मला शिकवणारा माणूस. हे लक्षात ठेवा.

माझे केस तेव्हा जायला लागले होते. वय चोवीस. उशीवर, साबणावर, कीबोर्डच्या फटींत. काकांच्या नजरेतून सुटणार कसं? "साहित्यिक, कपाळ वाढतंय. विचार वाढले की काय?" मी हसलो नाही. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि मला मागच्या खोलीत नेलं. तिथे रिकाम्या नळ्यांची खोकी रचलेली असतात. एका खोक्यावर ते बसले, दुसऱ्यावर मी.

"माझं काम काय आहे माहितीय? दिवसभर लोकांना टाळू दाखवणं."

मला कळलं नाही.

त्यांनी उठून दाखवलं. माझा हात धरला, दंडाला पट्टा बांधल्यासारखं केलं आणि शीर शोधायला वाकले. त्यांचं डोकं माझ्या हनुवटीखाली आलं. टाळूवरचे केस दाट नव्हते, पण होते.

"दिवसाला पन्नास माणसं. प्रत्येकाच्या तोंडाखाली हे. बाकीच्यांना पडलेलं टक्कल कुणी उंच माणूसच बघतो. माझं सगळं गाव बघतं. एकदा एका पोराने बोट लावलं इथे. म्हणाला, काका, भोक पडलंय. आई त्याची कानकोंडी झाली. मी हसलो. हसत हसत त्या दिवशी पहिल्यांदा माझी सुई चुकली."

मग त्यांनी ती बाटली काढली. आत गोळ्यांचे तुकडे होते, पाव पाव केलेले.

गोळी काय करते ते त्यांनी असं सांगितलं. अजून शब्द न् शब्द लक्षात आहे, कारण इतकं स्वच्छ मला कुठल्या प्राध्यापकाने काही सांगितलेलं नाही.

"पुरुषाच्या रक्तात जे हॉर्मोन असतं ना, ते एक पातं समज. बोथट. त्याच्याने केसांचं फार बिघडत नाही. पण अंगात एक धार लावणारा बसलेला आहे. एन्झाइम. तो त्यातल्या थोड्या पात्यांना धार लावून देतो. ते झालं दुसरं हॉर्मोन, कितीतरी जास्त जोरकस. ते जाऊन टाळूवरच्या केसांच्या मुळांना बसतं. सगळ्यांच्या नाही, ज्याच्या घराण्यात मुळं तशी हळवी असतात त्याच्या. मूळ मरत नाही लगेच. आक्रसतं. पुढचा केस येतो तो आधीपेक्षा बारीक, आधीपेक्षा आखूड. त्याच्या पुढचा आणखी बारीक. शेवटी नुसती लव. डोक्याच्या मागची मुळं हळवी नसतात, म्हणून मागे झालर राहते. आता ही गोळी. ही पात्याला हात लावत नाही. धार लावणाऱ्याचे हात धरते."

"आणि बंद केली तर?"

"हात सुटले. वर्षभरात होतं तिथे परत. म्हणून रोज. आणि सहा महिने आरशात बघायचं नाही. हिला घाई नाही."

पुढे त्यांनी सावधगिरीच्या गोष्टी सांगितल्या. काहींची इच्छा कमी होते, काहींचं मन उतरतं, तसं झालं तर डॉक्टरकडे जायचं, लाजायचं नाही. गरोदर बाईने फुटक्या गोळीला हात लावायचा नाही. मला त्या वेळी बायको नव्हती, मैत्रीणही नव्हती. "ती सोय बघून ठेवतो," मी म्हणालो. काका खो खो हसले.

"पाव का करता?"

"अख्खी गोळी म्हाताऱ्यांची आहे. त्यांची प्रोस्टेट सुजते, लघवी अडते, त्यांना देतात. ती ग्रंथी पण त्याच धारदार हॉर्मोनवर पोसते. तीच गोळी पाव केली की केसांची."

म्हणजे अर्धी गोष्ट त्यांना माहीत होती. गोळी प्रोस्टेटवर काम करते हे त्यांच्या तोंडून मी ऐकलं. मग त्या प्रोस्टेटची रक्तात उतरणारी खूण, जी आम्ही रोज मोजतो, तिचं काय होत असेल? हा पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. मीही नाही.

"डॉक्टरला विचारून घे, माझ्यावर जाऊ नकोस," असं म्हणून त्यांनी गोळ्यांच्या डब्यातली घडी घातलेली माहितीची चिठ्ठी माझ्या हातात दिली. बारीक अक्षर, दोन्ही बाजूंनी. मी डॉक्टरकडे गेलो, गोळी सुरू केली, वर्षभरात माझे केस गळायचे थांबले. चिठ्ठी वाचली नाही. कादंबरीत खुणेला ठेवली.

काकांनी स्वतः मात्र डॉक्टरचं तोंड अकरा वर्षांपूर्वी एकदाच बघितलं होतं. त्यानंतर ओळखीचा दुकानदार, ओळखीची गोळी, आणि रविवारी सकाळी काकू आंघोळीला गेल्या की ब्लेडने पाव करायचं काम. काकूंपासून का लपवायचं? मी विचारलं होतं. "हसेल," ते म्हणाले. एवढंच.

लॅब आम्हा नोकरांची वर्षातून एकदा तपासणी करते. पन्नाशीच्या पुढच्या पुरुषांची प्रोस्टेटची चाचणी त्यातच. पहिल्या वर्षी काका माझ्या काउंटरसमोर उभे राहिले, शर्टाची बाही आधीच वर केलेली.

"औषधं काय चालू?" मी विचारलं.

"लिही, काही नाही."

मी लिहिलं. औषधे: काही नाही.

त्यांनी डोळा मारला नाही. आवाज खाली आणला नाही. लपवत असते तर मी निदान त्यांना खोटारडे म्हणू शकलो असतो. त्यांना खरंच ते औषध वाटत नव्हतं. आणि मी? सकाळी त्याच गोळीचा तुकडा गिळून कामावर आलो होतो. तीनदा विचारायचा नियम त्यांनीच घालून दिलेला. मी एकदाच विचारलं. घरच्या माणसाला कोण तीनदा विचारतं?

पहिल्या वर्षी आकडा एक पूर्णांक दोन. मग एक पूर्णांक नऊ. मग दोन पूर्णांक सात. चौथ्या वर्षी तीन पूर्णांक सात. चारच्या वर गेला की आमचं यंत्र आकडा ठळक छापतं. चारच्या आत असला की बारीक छापतं. चारही वर्षं बारीक छापला. लॅबच्या मॅडम, म्हणजे रिपोर्टवर सही करणाऱ्या डॉक्टर, त्यांनी सही केली. चारही कागद मीच फायलीत लावले, एकावर एक. शेजारी शेजारी ठेवून एकदाही बघितले नाहीत.

या वर्षी काकांची कंबर दुखायला लागली. स्कूटरला दोष दिला. मग सीटला. मग रस्त्याला. दोन महिने मलम, पट्टा. एका सकाळी ते कुणाच्या तरी हातावर वाकले आणि त्यांना परत उभं राहता येईना.

हॉस्पिटलमध्ये काकूंनी मला बरोबर घेतलं. "तुला त्यांची भाषा कळते," म्हणाल्या. डॉक्टर तरुण होता, माझ्याहून फार तर पाच वर्षांनी मोठा. हाडांचे फोटो आले होते. रक्त पुन्हा तपासलं होतं, आकडा एकोणीस. त्याने आमच्या लॅबचे चार जुने रिपोर्ट टेबलावर एका ओळीत मांडले. इतकं साधं काम. मांडले आणि बराच वेळ बघत राहिला. मग त्याने काकांच्या डोक्याकडे बघितलं.

"केसांसाठी काही घेता?"

"नाही," काका म्हणाले.

या वेळी मात्र ते खोटं होतं. काकू शेजारी बसल्या होत्या म्हणून. कॅन्सर हाडापर्यंत गेला होता, आणि या माणसाला बायको हसेल याची भीती.

"घेतात," मी म्हणालो. "अकरा वर्षं."

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. काकूंनी बघितलं.

डॉक्टरने पेन काढलं. प्रत्येक आकड्याखाली नवा आकडा लिहिला. दोन पूर्णांक चार. तीन पूर्णांक आठ. पाच पूर्णांक चार. सात पूर्णांक चार. "ही गोळी प्रोस्टेट आक्रसवते," तो म्हणाला. "रक्तातली खूण साधारण निम्म्यावर येते. गोळी घेणाऱ्याचा आकडा दुप्पट करून वाचायचा असतो. आणि गोळी चालू असताना तो वाढायला लागला, तर चारच्या आत असला तरी तपास करायचा असतो. पावकी गोळीनेही तेच होतं."

"म्हणजे गोळीमुळे कॅन्सर झाला?" काकूंनी विचारलं.

"नाही. गोळीमुळे तो दिसला नाही. म्हणजे गोळी घेताय हे कुणी सांगितलं नाही म्हणून दिसला नाही."

"किती वर्षं?"

"दोन वर्षांपूर्वी शंका घ्यायला हवी होती. तेव्हा कदाचित ग्रंथीतच असता. काढता आला असता." त्याने पेनचं टोपण लावलं. "आता काढता येणार नाही. दाबून ठेवता येईल. काही वर्षं, कदाचित बरीच."

बाहेरच्या बाकावर काका मध्ये बसले, आम्ही दोन बाजूंना. काकू बोलायला लागल्या त्या भिंतीकडे बघत.

"लोका सांगे ब्रह्मज्ञान. सगळ्या गावाला विचारत फिरता, औषध काय, औषध काय."

"अगं..."

"मी हसले असते. एक दिवस हसले असते. दोन दिवस. मग विसरले असते, मला काय तेवढंच काम आहे?" मग माझ्याकडे वळल्या. "आणि तू रे? माझ्या घरी जेवायचास. केसाने गळा कापतात हे नुसतं ऐकलं होतं."

काका म्हणाले, "त्याला काही बोलू नकोस. आणि गोळीलाही शिव्या देऊ नका. तिने तिचं काम चोख केलं."

मला त्यांची मान धरून हलवावीशी वाटली. शहाणपण आत्ता सुचतंय. सव्वीस वर्षं लोकांच्या तोंडातून तिसऱ्या प्रश्नाला गोळी काढणारा माणूस. स्वतःला पहिला प्रश्न विचारला नाही.

घरी येऊन मी ती कादंबरी काढली. चिठ्ठी एकशे बाराव्या पानावर होती. पुस्तक मी दोनदा वाचलं होतं. खूण वाचली नव्हती. दुसऱ्या बाजूला, मधल्या परिच्छेदात, तीन ओळी. प्रोस्टेटच्या रक्तचाचणीचा आकडा कमी दिसू शकतो. चाचणीपूर्वी डॉक्टरांना सांगा. साध्या, सरळ तीन ओळी. उपमा नाही, प्रतिमा नाही. मी वाक्यं वाचायची पदवी घेतली आहे.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी घेऊन मॅडमच्या केबिनमध्ये गेलो.

"फॉर्मवर एक ओळ हवी. केस गळतीसाठी काही घेता का."

"औषधांचा रकाना आहे की."

"तो रिपोर्टवर छापून येत नाही. रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरला दिसत नाही. आणि लोकांना ते औषध वाटत नाही."

"फॉर्म बदलायला वरची मंजुरी लागते."

"किती दिवस?"

"विचारून बघते." त्यांनी चष्मा काढला. वाईट बाई नाही. त्यांचेही डोळे सुजले होते. "आवाज चढवू नकोस. त्या सह्या माझ्या आहेत, मला माहितीय. पण मला गोळी माहीत नव्हती. तुला माहीत होती. तू का नाही लिहिलंस?"

मी बाहेर आलो. मंजुरी अजून आलेली नाही.

त्या दिवसापासून मी काउंटरवर प्रत्येक पुरुषाला विचारतो. केसांसाठी काही? लोक चिडतात. एकाने माझी तक्रार केली. एकजण म्हणाला, "तू रक्त बघ, डोकं कशाला बघतोस?" कुणी हो म्हणालाच तर मी ते पत्त्याच्या दुसऱ्या ओळीत टाइप करतो, कारण पत्ता रिपोर्टवर छापून येतो. घर क्रमांक, गल्ली, आणि खाली, केसांची गोळी चालू, पाच वर्षं. मॅडमनी पहिला तसला रिपोर्ट बघितला. "पत्त्यात हे काय?" म्हणाल्या. खोडलं नाही. सही केली.

काकांना तीन महिन्यांतून एकदा इंजेक्शन देतात. तेही हॉर्मोन अडवण्याचंच. ते मला समजावत होते, नळ्यांच्या खोक्यांवर बसूनच, कंबरेला पट्टा. "आधी नुसते धार लावणाऱ्याचे हात धरले होते. आता पाती घडवणारी भट्टीच बंद. कॅन्सर दोन्हींवर पोसतो ना, बोथट काय, धारदार काय." अंगातून वाफा निघतात, बसल्या जागी घाम फुटतो. काकू म्हणतात, "आता कळेल. पाळी जाताना मी पाच वर्षं काढली, पंखा लाव म्हटलं तर थंडी वाजते म्हणायचात." काकूंनी त्यांच्याशी बोलणं सोडलं नाही. माझ्याशी अजून बोलत नाहीत.

"केस मात्र जायचे नाहीत," काका म्हणाले. "भट्टीच बंद म्हटल्यावर." मला हसू आलं नाही. त्यांना आलं.

परवा ते पहिल्या तीन महिन्यांच्या तपासणीला आले. मागच्या दाराने येऊ शकले असते. रांगेत उभे राहिले. मागे सात-आठ माणसं. नंबर आल्यावर माझ्यासमोर बाही वर केली.

मी स्क्रीनकडे बघत विचारलं, "औषधं काय चालू?"

"इंजेक्शन. कॅन्सरचं. लिही."

"आणखी?"

"कॅल्शियम."

तिसरा प्रश्न मी विचारला नाही. विचारणार होतो. काका थांबले. मग काउंटरवर बोटं वाजवली.

"विचार की. कुणी शिकवलं तुला?"

"केसांसाठी काही?"

"अकरा वर्षं घेतली," ते म्हणाले. रक्ताच्या खोलीपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "आता बंद. तेव्हा विचारलं असतंस तरी नाही म्हणालो असतो. पण तू विचारायला हवं होतंस."

चार वर्षांत त्यांनी मला एकदाही दोष दिला नव्हता. आता दिला. मी मान हलवली.

मी टाइप केलं. ते आत गेले. त्या खुर्चीत बसले, या वेळी पेशंट म्हणून, आणि रक्त घेणाऱ्या नव्या मुलीने त्यांच्या हातावर वाकून शीर शोधायला सुरुवात केली.

बाकावरचा एक माणूस, चाळिशीचा, केस दाट, दहा मिनिटांपूर्वी माझ्याकडे काही नाही असं सांगून बाजूला बसलेला, उठून काउंटरपाशी आला. आजूबाजूला बघून हळू म्हणाला, "ते मघाशी लिहिलंत ना, ते जरा खोडा."

"मोठ्याने बोला," मी म्हणालो. "ऐकू येत नाही."

मला ऐकू आलं होतं.